करपट

बिअर चाखून गुण द्यायच्या त्या कागदावर मी एकच शब्द देवनागरीत लिहिला. कागद इंग्रजीत छापलेला होता, रकाने इंग्रजीत होते, वास आणि रंग यांच्यापुढचे माझे शेरेही इंग्रजीतच उतरले होते. चवीच्या रकान्यापाशी पेन अडलं. जिभेवर जे होतं त्याला दुसरा शब्द सुचेना, म्हणून लिहिलं: करपट. बेरीज केली, 50 पैकी 27 झाले. कागद पालथा करून टेबलाच्या मधोमध सरकवला आणि पाणी प्यायले.

भाद्रपद सरत आला होता. श्रावण पाळणारे आणि चवथ होईपर्यंत थांबणारे सगळे मोकळे झाले की भेटू, असं ठरलं होतं. आसगावातल्या एका जुन्या घराच्या मागच्या पडवीत आम्ही आठजण बसलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता, पागोळ्या अजून गळत होत्या, विहिरीकडून ओल्या शेवाळाचा वास येत होता. बिअर बनवणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. फोंड्याला बारावीत मी त्याला रसायनशास्त्र शिकवलं, त्याच्या प्रयोगवह्या तपासल्या. आता तो तिशीत आला, दाढी आली, पण मला अजून टीचरच म्हणतो. त्याने आमचे कागद गोळा केले, एकेक वाचत गेला आणि माझ्या कागदावर थांबला. मान वर करून म्हणाला, “टीचर, करपट?” एवढंच. मी मान हलवली. उत्तर चुकलंय हे मुलाला सांगताना हलवते तशी, ठाम. त्याने त्या कागदाची चार पदरी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. बाकीचे सात कागद टेबलावरच राहिले.

ती घडी माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

परतताना भाच्याच्या गाडीत मागे बसून होते. बाणस्तारीच्या पुलावर गाडी आली तेव्हा एकदम लक्षात आलं की मी नेमकं काय लिहून बसले आहे. ग्लास पुढे ठेवण्याआधी त्याने ही बॉक, म्हणजे जर्मन धाटणीची कडक बिअर, कशी केली ते सांगितलं होतं. भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, कोमट पाण्यात भिजवायचा, त्याचा साधारण तिसरा हिस्सा वेगळ्या भांड्यात काढायचा, तो सावकाश उकळायचा आणि परत मूळ भांड्यात ओतायचा, म्हणजे सगळ्याचं तापमान एक पायरी वर चढतं. डिकॉक्शन म्हणतात याला. तापमापक नव्हते तेव्हापासूनची ही जर्मन रीत, आणि आता तिथेही पुष्कळ ठिकाणी सोडून दिलेली, कारण वेळ आणि इंधन दोन्ही फार जातं. याने ती दोनदा केली होती. त्याचं उकळायचं भांडं साधं, खाली गॅसचा जाळ. मोठ्या कारखान्यांत वाफेवर तापणारी भांडी असतात, त्यांना बुडाशी एवढी भीती नसते. इथे धान्याचा दाट लगदा बुडाला बसला की संपलं. म्हणून तो लाकडी वल्हं घेऊन प्रत्येक वेळी अर्धा तास, हात न थांबवता ढवळत उभा होता. हे सगळं त्याने आम्हाला उत्साहाने सांगितलं होतं, खांदा कसा भरून आला तेही. आणि मी लिहिलं करपट. म्हणजे तुझा हात थांबला होता.

आणि बॉकमध्ये तर हा शब्द साधा नाही. काळ्या स्टाउट बिअरला जळक्या दाण्याची, कोळपलेल्या कॉफीची चव असली तर ती तिची शोभा. बॉकला ती चालत नाही. बॉकचा सगळा जीव माल्टच्या भाजकेपणात असतो, पण तो भाजकेपणा पावाच्या कवचाचा हवा, तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीच्या तपकिरी ठिपक्यांचा हवा. त्यापुढे एक पाऊल गेलं की दोष.

हे पाऊल कुठे पडतं ते सांगायला मराठीइतके शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असतील का, असं मला पुष्कळदा वाटतं. आमच्या घरात भाजण्याच्या पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीला नाव होतं. कच्चट. मग भाजकं. मग खमंग, जे आधी नाकाला कळतं आणि मग जिभेला. मग खरपूस, जे दाताला कळतं. त्यानंतर करपट, जिथे आजीचा चेहरा बदलायचा. शेवटी जळकं, ते सरळ गोठ्याकडे. खरपूस आणि करपट यांच्यात चुलीवरचं मोजून अर्धं मिनिट असतं, पण त्या अर्ध्या मिनिटात कौतुकाचा शब्द तक्रारीचा होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी 1912 मध्ये मांडलेली अभिक्रिया मी दरवर्षी मुलांना शिकवते: साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेत एकत्र येतात आणि त्यातून शेकडो नवे पदार्थ तयार होतात, रंगाचे, वासाचे, चवीचे. गोव्यातल्या पाववाल्याच्या, पोदेराच्या भट्टीतल्या पोई या पावाचा रंग तो, भाजणीचा वास तो, आणि म्युनिक माल्ट शंभर अंशांच्या आसपास भट्टीत वाळवताना त्याला येणारी खोली तीच. फळ्यावर मी बाण काढते, खाली मेलॅनॉइडिन असं त्या तपकिरी रंगद्रव्याचं नाव लिहिते. पण त्या बाणावर खरपूस कुठे संपतं आणि करपट कुठे सुरू होतं, ते फळ्यावर कधी दाखवता आलेलं नाही.

तो गुणांचा कागद अमेरिकेतल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या नमुन्यावर बेतलेला होता. वासाला 12 गुण, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या पोताला 5, एकूण मताला 10. मला असे कागद आवडतात. इतकी वर्षं तपासणीचं काम केल्यावर रकाना दिसला की मन शांत होतं. दिसण्याला फक्त तीन गुण ठेवले आहेत, हे मला विशेष पटलं. लोक आधी रंगावर भाळतात. त्या बॉकचा रंग मात्र खरंच बघत बसावा असा होता. उजेडासमोर धरली की कडेला तांबूस, मधे गडद, जुन्या तांब्याच्या घंगाळावर चिंच फिरवल्यावर येतो तसा. फेस बदामी, बारीक, टिकणारा. तीनपैकी तीन दिले होते मी. मग नाकाशी नेली तर वास फारसा आलाच नाही. तिथेच मी थांबायला हवं होतं.

बिअर चाखायला मी शिकले तीही लेकीकडून. ती फ्रायझिंगला खाद्यशास्त्र शिकत होती. म्युनिकच्या उत्तरेला हे गाव, तिथल्या टेकडीवर वायहेनस्टेफानची ब्रूअरी, जी आपली परंपरा 1040 सालापासूनची सांगते. त्याच टेकडीवर विद्यापीठ, आणि तिथे ब्रूइंगची पदवी मिळते, आपल्याकडे शेतकी महाविद्यालयात मिळावी तशी. मी गेले तो मार्च होता. हाडात शिरणारी थंडी आणि रस्त्याच्या कडेला मळकं बर्फ. तिने मला कॉर्बिनियन नावाची डबल बॉक पाजली. तोवर बिअर म्हणजे माझ्या लेखी कळंगुटच्या शॅकमध्ये पुरुष मंडळी दुपारी पितात ते पिवळं, बर्फासारखं गार पाणी. आणि ‘स्ट्राँग’ हा शब्द तर आपल्याकडे बाटलीवर इशाऱ्यासारखा असतो, लवकर चढेल एवढंच तो सांगतो. इथे ग्लास तोंडाशी नेताच अंजिराचा वास आला. सुक्या, गोल, दोरीत ओवलेल्या अंजिराचा. मी घोट घेणार तोच लेक म्हणाली, “आई, पहिल्या घोटावर काही बोलायचं नाही. पहिला घोट जिभेला ओळख करून द्यायला. दुसऱ्यापासून मोजायचं. आणि ग्लास दोन्ही हातांत धर, जरा ऊब लागू दे त्याला.”

त्या आठवड्यांत म्युनिकमध्ये कडक बिअरचा मोसम असतो, ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत. नॉकहेरबर्ग या टेकडीवर पाउलानर ब्रूअरीची साल्वाटोर ही डबल बॉक उघडतात. मूळची ही पाउलानर मठातल्या साधूंची. त्यांचा पंथ इटलीतला, नियम कडक, आणि उपवासाच्या चाळीस दिवसांत घन अन्न वर्ज्य. पेयाने मात्र उपवास मोडत नाही. म्हणून त्यांनी पेयच असं केलं की त्यात भाकरी विरघळलेली असावी. ‘पातळ पाव’ म्हणत त्याला. लेकीने हे सांगितलं तेव्हा मला आजीची एकादशी आठवली. एकादशी दुप्पट खाशी, असं आजोबा तिला चिडवायचे, आणि ती शिंगाड्याच्या पिठाचे लाडू पुढे करायची. त्या साधूंबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. दिवसभर थंड दगडी खोलीत राहायचं, मळ्यात राबायचं आणि पोटात काही नाही. त्यांनी पळवाट शोधली असं लोक म्हणतात. मला त्यात भुकेचा मान ठेवलेला दिसतो. इकडे गोव्यात नेमके तेच आठवडे काजूचे. ख्रिस्ती शेजारणी शुक्रवारी मांस करत नाहीत, आणि डोंगरावरून हुर्राकाचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास गावात उतरत असतो.

बॉक या नावाची गोष्टही तिनेच सांगितली. उत्तर जर्मनीत आइनबेक नावाचं गाव, चौदाव्या शतकापासून बिअर विकून पैसेवालं झालेलं. तिथे घरोघरी बिअर बनायची. उकळायचं मोठं भांडं गावाचं, ते गाडीवरून एकेका घरी न्यायचे, आणि ते आत जावं म्हणून घरांच्या दारांना उंच कमानी ठेवायच्या. त्या कमानी अजून उभ्या आहेत. बव्हेरियाच्या सरदारांना ती बिअर इतकी आवडे की मागवून मागवून खर्च परवडेना. 1589 मध्ये दरबाराने म्युनिकला स्वतःची ब्रूअरी काढली, हॉफब्रॉयहाउस, आणि पुढच्या शतकात आइनबेकचाच एक कसबी माणूस तिथे आणला. दक्षिणेच्या बोलीत आइनबेकचं आइनपॉक झालं आणि त्याचं ‘आइन बॉक’. ज्याचा सरळ अर्थ एक बोकड. म्हणून या बाटल्यांवर बोकड असतो, एका डबल बॉकच्या गळ्यात तर इवलासा पांढरा बोकड दोरीने बांधलेला असतो. बॉक आणि बोकड! मराठी कानाला हे ऐकून किती बरं वाटतं. मी तो बोकड घरी आणला, तो अजून माझ्या टेबलावर पेन्सिलींजवळ आहे.

ताकदीचं म्हणाल तर तिथे त्याला कायद्याचं माप आहे. आंबवण्याआधी त्या गोड पाण्यात, वर्टमध्ये, दर 100 ग्रॅममागे निदान 16 ग्रॅम धान्याचा अर्क विरघळलेला असला तरच बॉक म्हणायचं. डबल बॉकला 18. साध्या लागर बिअरला 11–12 पुरतात. म्हणजे तितक्याच पाण्याला जवळजवळ दीडपट धान्य. मद्यार्क मग साडेसहा-सात टक्क्यांवर जातोच, साल्वाटोरमध्ये 7.9 असतो, पण तो मागून येतो. चांगल्या बॉकमध्ये मद्यार्क जिभेला टोचत नाही, छातीत उतरल्यावर शाल पांघरल्यासारखा लागतो. त्यासाठी ती थांबवावी लागते. लागर या शब्दाचाच अर्थ साठवण. आठ-दहा अंशांवर यीस्टला सावकाश काम करू द्यायचं, आणि नंतर शून्याच्या जरा वर आठवड्यांमागून आठवडे स्वस्थ ठेवायची. माझ्या विद्यार्थ्याने आषाढाच्या पावसात टाकी भरली आणि भाद्रपदात उघडली. गोव्यात, पावसाळ्यात, जिथे एक फांदी तारेवर पडली की गाव दुपारपर्यंत अंधारात. त्याचा जनरेटर किती वेळा चालला असेल! त्या एका टाकीत तेवढ्या काळात गव्हाची बिअर तीन वेळा होऊन विकली गेली असती. हे सगळं मला ठाऊक होतं. आणि मी ती बॉक पाच ग्लासांमधला शेवटचा ग्लास म्हणून, आधीच्या कडू बिअरची हॉप्स, ती कडवट फुलं, जिभेवर असताना, फ्रीजमधून काढल्या-काढल्या, सात मिनिटांत तपासली.

आजोबांचंही असंच होतं का, हा विचार मला पुढचे कितीतरी दिवस सतावत राहिला.

आईचे वडील सत्तरी तालुक्यातले. वाळपईच्या पलीकडे त्यांचा काजूचा डोंगर होता आणि ओढ्याकाठी भट्टी. मार्च ते मे आम्ही तिथेच असायचो. बोंडांचा तो वास एकदा नाकात गेला की आयुष्यभर जात नाही, पिकून फुटल्यासारखा, जरा उग्र, जरा गोड. खडकात कोरलेल्या हौदात माणसं बोंडं पायाने तुडवायची, रस मातीच्या भांड्यांत तीन दिवस आंबायचा, वरून काही घालायचं नाही, हवेतलं यीस्टच काम करायचं. मग भाण, म्हणजे दारू गाळायचं भांडं, चुलीवर. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा रसात घालून उकळला की फेणी. या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आजोबा नव्हते. त्यांची तपासणी मी दारामागून पाहिलेली. बाटली हलवून वर येणारे मोत्यांसारखे बुडबुडे बघायचे, किती मोठे, किती वेळ टिकतात. फेणाची म्हणून फेणी. ग्राव, म्हणजे कडकपणाचं माप, किती असेल ते त्या बुडबुड्यांवरून सांगायचे. मग तळहातावर चार थेंब, हात चोळायचे, नाकाशी न्यायचे. जाळ मोठा झाला, रस तळाला लागला, तर तो वास तिथे पकडला जायचा.

एका वर्षी त्यांनी तळहात नाकाशी नेला आणि सगळ्यांसमोर भट्टीवरच्या गड्याला म्हणाले, “करपवलीस.” तो माणूस त्यांच्याकडे पंधरा वर्षं होता. काही बोलला नाही. टॉवेल खांद्यावर टाकला आणि ओढा ओलांडून गेला, परत आला नाही. आठवड्याने आजोबांनी त्याच बुधलीतली फेणी घेतली. मी तिथे होते. त्यांनी ग्लास अर्धा संपवला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. आजी म्हणाली, “बरी लागली वाटतं.” ते उठून बाहेर गेले. पुढे त्या गड्याच्या घरी कोणाला पाठवलं की नाही, मला ठाऊक नाही. त्यानंतरच्या मोसमांत जाळाजवळ ते स्वतः बसायचे, एवढं मी पाहिलं.

आसगावला त्या दिवशी प्रत्येकाला एकेक बाटली दिली होती. मी ती फ्रीजच्या दारात ठेवली आणि ठेवून दिली. आईच्या नजरेला पडू नये म्हणून पुढे ताकाचा तांब्या. आई माझ्याकडेच असते. तिच्या माहेरची चूल त्या भट्टीवर चालली, शिक्षण त्यावर झालं, आणि तिला दारूचा वास सहन होत नाही. भट्टीच्या दिवसांत आमच्या केसांनाही तो वास यायचा, शाळेत मुली लांब बसायच्या, असं ती एकदाच म्हणाली होती. मी बिअरविषयी वाचते, चाखते, हे तिला माहीत आहे. ती विचारत नाही, मी सांगत नाही. या न बोलण्यात तिचा राग किती आणि माझ्यावरचा विश्वास किती, हे मला अजून उलगडलेलं नाही.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा चकलीची भाजणी काढली. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, सगळं धुऊन सावलीत वाळवलेलं, एकेक वेगळं भाजायचं, शेवटी धणे-जिरे. आई पाटावर बसून सूचना देत होती. तिला आता नीट दिसत नाही, पण डाळ कुठवर आली ते ती वासावरून सांगते. “अजून कच्ची आहे. अजून. आता हलव पटापट. आता उतरव!” उडदाच्या डाळीला मी क्षणभर मागे राहिले, मोबाईल वाजला म्हणून मान वळवली असेन. आई म्हणाली, “खालचे चार दाणे गेले.” मी बघितलं तर खरंच, कढईच्या बुडाशी चार-सहा दाणे काळपट. बाकी डाळ सुरेख गुलाबी. मी ते दाणे निवडून टाकले. आई म्हणाली, “राहू देत गं, एवढ्याने काय होतंय. टाकायची नसते सबंध भाजणी.”

त्या रात्री ती झोपल्यावर बाटली काढली. लगेच उघडली नाही. आधी स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडून भाजणीचा वास जाऊ दिला, मग बाल्कनीत जाऊन बसले. बाटली टेबलावर पंधरा मिनिटं, मग ग्लासात ओतली आणि दोन्ही हातांत धरून ठेवली. चार अंशांवरची बिअर जिभेला बधिर करते. गोडी दबते, वास बाहेर येत नाही, आणि कडू, टोकाचं, कोरडं असं जे काही असतं तेवढंच उरतं. हे मी मुलांना सांगू शकले असते, पण त्या संध्याकाळी स्वतःला सांगितलं नाही. आता दहा-बारा अंशांच्या आसपास आली असेल. नाक जवळ नेलं.

पोईचं कवच. पहाटे पोदेराच्या टोपलीतून काढलेल्या, कोंडा चिकटलेल्या पोईचं. त्यामागे माडाचा काळा गूळ, तोही नुसता नाही, नारळाच्या रसात आटत आलेला, धोदोल हा गोव्यातला गोड पदार्थ ढवळताना कढईच्या कडेला येतो तो वास. पहिला घोट घेतला आणि लेकीचं ऐकून त्याविषयी काही ठरवलं नाही. दुसऱ्याला जिभेच्या मधोमध भरलेपणा, काळ्या मनुकांची आंबटगोड चाहूल, आणि हॉप्स फक्त गोडीला धरून ठेवण्यापुरते. दोष शोधले, कारण सवय आहे. लोण्याचा वास नाही, म्हणजे यीस्टला वेळ पुरला. उकडलेल्या मक्याचा नाही, म्हणजे नीट उकळली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा नाही, म्हणजे बाटली भरताना हवा शिरली नाही. मद्यार्क आहे हे कानाच्या पाळ्या गरम झाल्यावर कळलं. कागदावर ‘टॉफी’, ‘कॅरॅमल’ असं मी लिहिलं होतं. टॉफी मी लहानपणी किती खाल्ली असेन? दोन-चार. तरी तोच शब्द आधी आला, कारण त्या रकान्यात तोच शोभतो. धोदोल लिहायला हात धजला नाही, आणि करपट लिहायला मात्र लगेच धजला. प्रशंसा परक्या भाषेत आणि तक्रार आईच्या भाषेत.

कालनिर्णयच्या जुन्या पानामागे मी नव्याने गुण मांडत होते. 36 पर्यंत आले. मग तिसरा घोट घेतला, गिळला, आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. खालून एक स्कूटर गेली. कुठे तरी नरकासुराच्या सांगाड्यावर मुलं हातोडी मारत होती. आणि सगळं ओसरल्यावर, घशाच्या अगदी मागे, ते आलं. बारीक. उडदाच्या चार दाण्यांएवढं.

करपट होतंच.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आधी सुटका वाटली की आपली जीभ खोटी नव्हती. मग त्या सुटकेची लाज वाटली. मी खरं लिहिलं होतं, पण सगळ्यात शेवटची, सगळ्यात लहान गोष्ट तिथे सगळ्यात आधी आणि एकटीच लिहिली होती. उत्तरपत्रिकेत शेवटच्या ओळीतली चूक दिसली म्हणून वरच्या सगळ्या पायऱ्यांचे गुण मी कधी कापले नाहीत. त्याच्याच वहीत तर नाहीच.

दिवाळीनंतरच्या रविवारी आसगावला गेले. तुळशीच्या लग्नाची तयारी सगळीकडे, दारोदार ऊस उभे. तो मागच्या पडवीत नवीन घाणा भरत होता, माल्टची पोती उघडलेली, भिजल्या धान्याचा गोड वास थेट रस्त्यापर्यंत. मला बघून हात पुसत पुढे आला. मी खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले, थांबले असते तर जमलं नसतं. पोई सांगितली, काळा गूळ सांगितला, धोदोल सांगितला, मनुका सांगितल्या. म्हटलं, “मी त्या दिवशी फार गार प्यायले आणि फार लवकर लिहिलं. करपट आहे, पण अगदी शेवटी, गिळल्यावर, आणि इतकंसं.” बोटाच्या पेरावर मी त्याला दाखवलं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ठाऊक आहे, टीचर. दुसऱ्या डिकॉक्शनला लाईट गेली. टाकीचं कूलिंग बंद पडलं म्हणून जनरेटरकडे धावलो. चार मिनिटं असेन. परत येऊन वल्हं घातलं तर बुडाशी खर्रर्र असं लागलं. मी कुणालाच सांगितलं नाही. वाटलं, दहा आठवड्यांत जाईल. सात जणांना कळलंही नाही.” खिशातून पाकीट काढून त्याने मला माझाच कागद दाखवला, घड्यांवर विरलेला. “तुमकां कळतलें अशें दिसतालेंच.” तुम्हाला कळेल असं वाटत होतंच, असं म्हणताना त्याच्या आवाजात दुःख होतं की समाधान, ते मला ओळखता आलं नाही. दोन्ही असावं. आजोबांच्या त्या गड्याला कोणी विचारलं असतं तर त्यानेही असं काही सांगितलं असतं का, हे माझ्या मनात येऊन गेलं. विचारलं नाही कोणी.

आत गॅसवरच्या भांड्यातून बुड्बुड् आवाज यायला लागला. तो उठणार तोच त्याचा फोन वाजला. त्याने माझ्याकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं. मी पदर खोचला आणि वल्हं हातात घेतलं. लगदा वाटला होता त्याहून जड, सत्यनारायणाच्या शिऱ्यासारखा मागे ओढणारा. वाफ तोंडावर आली, ताज्या भाकरीच्या पिठासारखी, अजून कच्चट, खमंग व्हायला बराच वेळ असलेली. तो फोन कानाला लावूनच दारातून ओरडला, “खालून, टीचर, खालून!”

मी वल्हं बुडाला टेकवलं आणि हात थांबवला नाही.